पिशवीवरचा क्रमांक

रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करताना देवबापाचे औदार्य मी रोज हाताळते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. आमच्या शीतकपाटात 2 ते 6 अंश तापमानात ठेवलेली प्रत्येक पिशवी कोणीतरी, ती कोणाला लागणार हे ठाऊक नसताना, दिलेली असते. 1 जानेवारी 1998 पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. रुग्णाकडून घेतले जाते ते शुल्क तपासणीचे आणि साठवणुकीचे असते, रक्ताला किंमत नसते. ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’ हे प्रभू येशूचे वचन मी संडे स्कूलमध्ये पाठ केले होते. ते घडताना मी जितक्या स्पष्टपणे एका रात्रपाळीत पाहिले, तितके पूर्वी कधी पाहिले नव्हते.

प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झालेल्या एका तरुणीचा नमुना संध्याकाळी आला. पेशींच्या तपासणीत रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ दिसला आणि ‘ओ’च्या पिशव्या तर आमच्याकडे पुरेशा होत्या. परंतु तिच्या रक्तद्रवाने ‘ए’ आणि ‘बी’ पेशींबरोबरच, एरवी व्हायला नकोत अशा, ‘ओ’ पेशींच्याही गाठी केल्या, आणि क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचे व दात्याचे रक्त जुळते का हे पाहण्याच्या चाचणीला, लावलेली एकही पिशवी जुळेना. ‘ओ’ पेशींवर असणारा ‘एच’ घटक ओळखणारे द्रव्य, अँटी-एच, लावून पाहिले तेव्हा तिच्या पेशींच्या गाठी झाल्या नाहीत, म्हणजे तो घटकच तिच्यात नव्हता. हा बॉम्बे ग्रुप होता. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला हा गट भारतात साधारण 10,000 जणांत एखाद्याचा असतो, आणि अशा रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते. ज्याला आपण सर्वांना चालणारे समजतो ते ‘ओ’ रक्त तिच्यासाठी घातक ठरले असते.

सख्ख्या भावंडांत हा गट जुळण्याची शक्यता बरीच असते, म्हणून तिच्या भावाला बोलावले. त्याचा गट तोच निघाला, पण हिमोग्लोबिन रक्तदानासाठी लागणाऱ्या 12.5 च्या बरेच खाली होते. “मॅडम, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण घ्या,” असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याला नकार देणे हे त्या रात्रीचे सर्वांत अवघड काम होते.

मग फोन सुरू झाले. दुसऱ्या शहरातल्या एका रक्तपेढीच्या यादीत या गटाचा दाता सापडला, आणि मध्यरात्री झोपेतून उठवल्यावरही तो तासाभरात तिथे हजर झाला. एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, मलेरिया या सगळ्या चाचण्या पार पडून पिशवी बर्फाच्या पेटीतून निघेपर्यंत इकडे डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी औषधे व सलाइनवर तिला धरून ठेवले. पहाटे क्रॉसमॅच जुळला. दुसऱ्या दिवशी आणखी एका दात्याची पिशवी आली आणि तिच्या जिवावरचा धोका टळला.

“ताई, तो माणूस कोण आहे? मला त्याच्या पाया पडायचंय,” असे तिच्या नवऱ्याने मला विचारले. माझ्यासमोर फक्त पिशवीवरचा क्रमांक होता. दात्याचा धर्म, जात, गाव, यांतले काहीच त्यावर नव्हते, आणि ती तरुणी कोण हे त्यालाही कोणी सांगितले नव्हते. आकाशातला पिता चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच सूर्य उगवतो, नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पाडतो, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो. घेणाऱ्याची लायकी न तपासता देणे, हा त्या पित्याचा स्वभाव आहे, आणि माणसांच्या हातून तो असा प्रकट होतो, असा माझा विश्वास आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाने केलेले भले सर्वांसमोर सांगताना, पुष्कळदा नोकरी, घर, परदेशाचा व्हिसा यांबद्दल आभार मानले जातात. तेही त्याचेच दान आहे; पण केवळ मिळकतीवरून त्याचे औदार्य मोजले तर त्याचा फार मोठा भाग आपल्या नजरेतून सुटतो.

भावाचे नाव आम्ही यादीत नोंदवले आणि त्याला आधी उपचारासाठी पाठवले. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी त्या दोन अनोळखी दात्यांसाठी आभारप्रार्थना मागितली. उपासना संपल्यावर तरुण संघातले काही जण रक्तदानाला कुठे यायचे ते विचारू लागले. वजन 45 किलोपेक्षा कमी नको आणि उपाशीपोटी येऊ नका, एवढे सांगून मी त्यांना सोमवारची वेळ दिली.