नर सापडलाय, मादी नाही

शनिवार, सातारा

दिवसभर एका कोळ्याच्या, बहुधा नव्याच जातीच्या नराच्या, डाव्या पाल्पचं चित्र काढत बसले. कोळ्यांच्या चित्रांत डावाच पाल्प काढायचा रिवाज आहे, म्हणजे कुणालाही आपलं चित्र दुसऱ्याच्या चित्राशेजारी ठेवून ताडता येतं. तोंडाजवळचे हे दोन छोटे अवयव. पूर्ण वाढलेल्या नरात त्यांची टोकं फुगलेली असतात आणि वीर्य मादीपर्यंत पोचवायचं काम तीच करतात. उड्या मारणाऱ्या कोळ्यांत नुसत्या रंगरूपावर जाऊन भागत नाही, सगळी भिस्त या फुगीर टोकावर. त्यातून निघणारी काळी बारीक सुई, म्हणजे एम्बोलस, कुठून निघते, किती लांब आहे, कुठे वाकते, यावर जात ठरते. आमच्या नराची सुई बुडाशी जाड आहे आणि टोकाशी एकदम आत वळते. अख्खा प्राणी जेमतेम ५ मिलिमीटरचा, त्यामुळे मायक्रोस्कोपवरून मान वर केली की भिंतीवरही तेच वळण दिसायला लागतं.

हा नर कासच्या पुढे बामणोलीकडे, एका मालकीच्या रानात मिळाला. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काही गोळा करता येत नाही, म्हणून हद्दीबाहेरचं रान शोधून मालकांना विचारूनच गेलो होतो. अंजनीची फांदी काठीनं झोडपायची आणि खाली उलटी छत्री धरायची, एवढंच आमचं तंत्र. मालक काका बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "मॅडम, पाऊस तर कवाच गेला की. उलटी छत्री धरून काय झेलताय?" कोळी दाखवला तर म्हणे, "ह्येच्यासाठी साताऱ्यास्नं आलात व्हय?" मग स्वतःच पुढची फांदी वाकवून धरली.

जिवंतपणी त्याच्या पाठीवर तांबूस चमक होती. अल्कोहोलमध्ये ती उरली नाही, बाटलीत आता तपकिरी ठिपका दिसतो. फोटो आधी काढले ते बरं झालं.

गेले कित्येक दिवस संध्याकाळी जुनी वर्णनं चाळायची हेच काम चाललंय. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयानं जगातल्या कोळ्यांची यादी ऑनलाइन ठेवली आहे, तिनं मोठी सोय केली. २०२२ मध्ये त्या यादीनं ५०,००० जातींचा आकडा गाठला. त्या आकड्यावर ब्राझीलचा एक उडी मारणारा कोळीच होता, हे वाचून उगाच घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. या एका कुळात ६,००० हून जास्त जाती आहेत. त्यातल्या जवळच्या सगळ्यांशी पडताळून "हा त्यातला नव्हे" असं खात्रीनं म्हणायचं, हेच खरं काम. जंगलात सापडणं ही त्यातली सगळ्यात सोपी पायरी.

आता वाद असा आहे. पुण्याच्या सरांचं म्हणणं, चित्रं झाली, मोजमापं झाली, एका नरावरून वर्णन करून टाका. नियमात ते बसतं. नावाचा मूळ नमुना म्हणून एकच प्राणी लागतो, तो मान्यताप्राप्त संग्रहात जमा केला की झालं. मला ते पटत नाही. या कोळ्यांत नर चमकदार आणि मादी मातकट, असं कितीतरी जातींत असतं. शेजारी ठेवले तरी नवरा-बायको वाटत नाहीत. यादीत अशा अर्ध्या जातींचा खच पडलाय, कुठे नुसता नर, कुठे नुसती मादी. उद्या कुणाला याच रानात मादी मिळाली आणि त्यानं तिला वेगळं नाव दिलं, तर ती दोन नावं एक करायला पुढच्या कुणाचीतरी वर्षं जाणार. घाई आपली आणि निस्तरणार दुसरा!

घरात नावाची चर्चा मात्र जोरात आहे. २०२१ मध्ये ठाण्याकडच्या एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला आयसिअस तुकारामी नाव दिलं गेलं, २६/११ ला कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. ओंबळे आपल्याच जावळीतल्या केडंब्याचे. हे सांगितल्यापासून आईला कोळी हा प्राणी एकदम मान्य झालाय. "मग ह्यालाही चांगलं नाव दे हो, उगीच लॅटिन काहीतरी नको," म्हणते. नाव काय, चहा उकळेस्तोवरही सुचेल.

मी थांबायचं म्हणते ते एका पिल्लाच्या भरवशावर. त्याच अंजनीवरून छत्रीत पडलं होतं. पाल्प फुगलेले नाहीत, म्हणजे बहुतेक मादी, पण वाढ पुरी झाल्याशिवाय जात सांगता येत नाही. जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवलंय आणि केळीच्या सालीवरची चिलटं घालते. अजून अंगानं इतकं फिकट आहे की भिंगातून डोक्याच्या आत काहीतरी सरकताना दिसतं. त्याच डोळ्यांच्या नळ्या. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत, आतला पडदा नळीसकट फिरतो. माझं बोट बरणीवरून डावीकडे गेलं की आधी त्या नळ्या सरकतात, मग अख्खं पिल्लू गर्रकन वळतं. चिलटावर झेप घ्यायच्या आधी काचेवर धागा चिकटवायला मात्र कधी विसरत नाही. झेप हुकली तरी धाग्याला लटकून परत वर.

परवापासून खात नाहीये. कोपऱ्यात पांढरी पिशवी विणून आत बसलंय, म्हणजे कात टाकणार. ही शेवटची कात असेल तर पोटाखालच्या भागाची रचना बघता येईल. मग नराशेजारी दोघांचं वर्णन एकाच लेखात देता येईल. नसेल तर आणखी चिलटं.

सरांना रात्री मेल करून टाकला की मादीशिवाय मी लेख पाठवणार नाही. एका ओळीचं उत्तर आलं, "बरणी उन्हात ठेवू नका." म्हणजे तयार आहेत.