धक्का मारला की लागते

सेल्फ खणखणीत फिरतोय तरी गाडी लागत नाही, आणि चार माणसांनी धक्का मारला की पहिल्या झटक्याला लागते. लातूरच्या औसा रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मे महिन्यात एक पांढरी अँबेसेडर तिथं ही तक्रार घेऊन आली. आली ती चालूच, आणि दारात उभी राहिल्यावरही ड्रायव्हर इंजिन बंद करायला तयार होईना. "बंद केली की पुन्हा ढकलायला माणसं गोळा करावी लागतेत," म्हणाला.

गाडी १९८६ची. मार्क फोर, १४८९ सीसी पेट्रोल, एम-एच पाट्या सुरू व्हायच्या आधीचा तीन अक्षरी नंबर. मालक ऐंशीच्या पुढचे, धोतर-टोपीतले आबा, निलंग्याकडच्या एका गावचे. सोबत नातू होता, पुण्यात आयटीत नोकरीला. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि परण्या याच गाडीतून काढायचा असा आबांचा हट्ट होता. बँजोच्या पुढं नवरदेवाची गाडी बंद पडली आणि करवल्यांना धक्का मारायला लागला तर गावात वर्षभर तोच विषय.

"चांगली चालू लालती बघा," आबा म्हणाले. "ह्यानं पॉइंट काढून पुण्याचं काय की बसवलं, तवापासून लागना गेली."

नातवानं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट टाकलं होतं. जुन्या पद्धतीत डिस्ट्रिब्युटरमधला कॅम फिरतो, पॉइंट उघडतात, कॉइलचा करंट तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी मिळते. पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, धरायचा. घासून कमी झाला की टायमिंग हलतं, कंडेन्सर गेला की पॉइंट जळतात. किटमध्ये रोटरखाली चुंबकाची रिंग येते, शेजारी पॉइंटचं काम करणारं छोटं मॉड्यूल, आणि बाहेर दोनच वायरी. लाल कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. मला हे किट आवडतं. आजकाल बाजारात मिळणारे कंडेन्सर बघता नातवाचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पण आबांसमोर तेव्हा ते बोललो नाही.

माझ्याकडं यायच्या आधी गाडीवर बराच खर्च झाला होता. बॅटरी नवी, सेल्फ खोलून बुश आणि कार्बन नवे. धक्क्यानं लागते म्हणजे सेल्फ कमजोर, हा हिशोब सगळे लावतात आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण हा सेल्फ कमजोर नव्हताच. इंजिन झपाझप फिरत होतं, फक्त पेटत नव्हतं. मला त्याहून खटकली ती दुसरी गोष्ट: सेल मारून मारून, म्हणजे चावीनं सेल्फ फिरवून फिरवून, कंटाळून ड्रायव्हरनं चावी सोडली, की त्याच क्षणी इंजिन कधीकधी भपकन पेटायचं. चावी धरलेली असताना नाही, सोडताना.

म्हणजे सेल मारताना काहीतरी जात होतं आणि चावी सोडली की परत येत होतं. धक्का मारताना तर चावी सेलपर्यंत जातच नाही, ऑनलाच राहते.

कॉइलच्या प्लसला मीटर लावला. चावी ऑन, १२.३ व्होल्ट. आधीच्या मिस्त्र्यांनीही इथं टेस्ट लॅम्प लावलाच असणार. दिवा लख्ख पेटला असणार आणि "करंट येतोय" म्हणून ते पुढं गेले असणार. एकटा माणूस बॉनेटखाली वाकून दिवा बघतो तेव्हा चावी ऑनवरच असते, सेल मारायला आत दुसरा माणूस लागतो. मी हाताखालच्या पोराला सीटवर बसवलं आणि मीटरवर डोळा ठेवून म्हटलं, मार.

शून्य. बॅटरीवर सेल चालू असताना १०.४ उरत होते, ते चांगलंच म्हणायचं. कॉइलवर मात्र सपशेल शून्य. चावी सोडली, काटा परत बारावर.

तेवढ्यात माझ्या कानावर आणखी एक गोष्ट पडत होती. नातवानं टेप चालू ठेवला होता. सेल मारला की गाणं थांबायचं, चावी सोडली की पुढं सुरू. तसं ते बहुतेक गाड्यांत होतं, मुद्दाम तसं केलेलं असतं. सेल्फ बॅटरीतून शेकडो अँपियर ओढतो, म्हणून त्या क्षणी टेपबिपची लाइन स्विचमध्येच तुटते. पण गाणं आणि कॉइल एकदम मरत होते आणि एकदमच जिवंत होत होते. बॉनेट सोडून मी डॅशबोर्डखाली घुसलो.

डॅशबोर्डखाली म्हणजे गारुड्याची टोपली होती. टेपच्या वायरी, मोबाइल चार्जरच्या, रिव्हर्स हॉर्नच्या, कधीकाळी बसवून काढलेल्या पंख्याच्या. जवळपास सगळ्या लाल नाहीतर काळ्या, आणि उन्हानं विरघळलेली टेपपट्टी सगळ्यांना चिकटलेली. मूळचा चावीचा स्विच गेला होता. त्याच्या जागी दुसऱ्याच कुठल्या गाडीचा चार टोकांचा स्विच: एक टोक बॅटरीचं, एक एसीसी (टेपबिपसाठी), एक आयजी (इग्निशनचं), एक एसटी (सेल्फचं). आयजीचं टोक सेल मारतानाही चालू राहतं. एसीसीचं मरतं. किटची लाल वायर आणि कॉइलचा प्लस दोन्ही टेपच्या लाल वायरीला पिळ मारून जोडलेले होते, आणि ती वायर होती एसीसीवर. बसवणाऱ्याला हाताशी जी लाल सापडली ती त्यानं घेतली. ऑन केल्यावर दिवा पेटला, धक्क्यानं किंवा नशिबानं गाडी लागली, पैसे घेतले.

आयजीवरून एक तात्पुरती वायर थेट कॉइलला दिली. पोरानं चावी फिरवली आणि इंजिनाचा पूर्ण फेरा व्हायच्या आत गाडी लागली.

"झालं?" आबा उठलेच.

झालं नव्हतं. ड्रायव्हरनं मघाशी सांगितलं होतं की दुपारी औशाच्या पुढं गाडी गचके खात बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप लागते. तो गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकत होता. त्याचंही अगदीच चूक नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात अँबेसेडरच्या पाइपात पेट्रोलची वाफ होते, हे जुन्या ड्रायव्हरांना पाठ आहे. पण मला टेपची ती बारीक वायर सोडवत नव्हती. तीन ओहमची कॉइल बारा व्होल्टला चार अँपियरपर्यंत ओढते, आणि वायर होती गाण्यापुरती. तात्पुरती वायर काढली, जुनी जोडणी परत लावली, धक्का मारून गाडी चालू केली (धक्क्याला गल्लीतली पोरं हौसेनं आली) आणि थोडी तापू दिली. बॅटरीवर १३.८, कॉइलवर १०.५. तीन व्होल्टांहून जास्त त्या पिळात आणि वायरीत जिरत होते. पिळाला हात लावला तर चटका बसला. तापेल तसा तो सांधा आणखी बिघडणार, मॉड्यूलला व्होल्ट आणखी कमी मिळणार, शेवटी ठिणगी बंद. सावलीत अर्धा तास उभी राहिली की सांधा गार, गाडी चालू. फडक्यानं पंप गार होत होता, पण त्या अर्ध्या तासात सांधाही गार होत होता.

मग सगळं नीट केलं. बॅटरीवरून अडीच एमएमची वायर, दहा अँपियरचा फ्यूज, आणि रिले, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. रिलेला इशारा स्विचच्या आयजी टोकाचा. रिलेतून कॉइलचा प्लस आणि किटची लाल. वायरींच्या टोकांना थिंबल (धातूच्या टोप्या) दाबून बसवले, पिळ एकही ठेवला नाही. डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थिंगची वायर तुटायला आली होती, ती बदलली. प्लगच्या केबली तांब्याच्या तारेच्या होत्या. त्यांच्या विजेच्या गोंगाटानं असलं मॉड्यूल गोंधळतं, म्हणून कार्बनच्या रेझिस्टन्सवाल्या टाकल्या. २०१४ साली बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबेसेडर निघायची बंद झाली, पण डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर, केबली अजून लातुरात मिळतात. टेप एसीसीवरच ठेवला. नातवाला एवढंच बजावलं की इंजिन बंद असताना चावी ऑनवर ठेवून गाणी ऐकू नकोस, कॉइल तापून जाते, एसीसीवर ठेव.

दुपारी दोनला, भर उन्हात, औशापर्यंत जाऊन आलो. गचका नाही. परत आल्यावर इंजिन बंद करून बॉनेट लावून ठेवलं. पळतानापेक्षा उभ्या गाडीत बॉनेटखाली जास्त तापतं, वाफ होणार असेल तर तेव्हाच होते. चहा झाला, आबांचं पान झालं, मग चावी आबांच्याच हातात दिली. त्यांनी सवयीनं आधी मागं वळून धक्क्याला कोण आहे ते पाहिलं. मग फिरवली. लागली.

बिलावर घासाघीस झाली. "दोन वायरीचे एवढे?" असं आबा म्हणाले, तेव्हा काढलेल्या वायरींचा गठ्ठा मी त्यांच्यासमोर टाकला. त्यांनी निम्मा वाद सोडला. उरलेल्या निम्म्यात जुने पॉइंट आणि कंडेन्सर प्लेटसकट पुसून, कागदात गुंडाळून डिकीत ठेवायचं ठरलं. किट कधी गेलंच तर गावातला कुणीही मिस्त्री ते बसवून गाडी घरी आणू शकेल. त्याच मिस्त्र्यासाठी पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिलं: किटची लाल रिलेवरून. टेपच्या वायरीतून काहीही घेऊ नये. पुठ्ठा डॅशबोर्डच्या कप्प्यात आतून चिकटवला.

नातवानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, नीट वाचला आणि विचारलं, "मामा, मग फॉग लॅम्पची लाइन कुठून घ्यायची?"

आबांनी चावी काढून बंडीच्या खिशात घातली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल, बस. ह्याला मागं बसव."