दुसऱ्या दिवशीचं पत्र

ऑगस्ट २०१९चा पहिला आठवडा. कृष्णा-कोयनेला पूर आलेला, खालच्या गावांच्या एसट्या बंद, आणि टीवायबीएच्या वर्गात आठ जण. एवढ्याच मुलांना घेऊन मोठा घटक सुरू करणं बरं दिसेना, म्हणून मी इंग्रज कवी टॉमस हार्डीची एक लहानशी कविता काढली. 'अ वाइफ इन लंडन'. चार कडवी, वीस ओळी. तासाभरात सहज संपते.

सातारा जिल्ह्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कवितेतलं युद्ध शिकवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. माझ्या जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणाचा तरी भाऊ, बाप नाहीतर चुलता फौजेत असतो. त्याच काळातल्या टेनिसन या कवीची 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या मुलांना पहिल्या वाचनातच भिडते. २५ ऑक्टोबर १८५४ला क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाच्या दरीत सहाशेहून जास्त इंग्रज घोडेस्वार चुकीच्या हुकमावरून तोफांच्या तोंडी गेले, शंभराहून जास्त मारले गेले. टेनिसनने वर्तमानपत्रातलं वर्णन वाचून कविता लिहिली आणि ९ डिसेंबरला ती छापूनही आली. कुणीतरी चूक केली हे शिपायाला ठाऊक होतं, तरी तो गेला, या ओळीशी वर्ग नेहमी शांत होतो.

हार्डी वेगळा. १८९९च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांचं बोअर लोकांशी युद्ध सुरू झालं, तेव्हा तो साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर आफ्रिकेला निघालेल्या पलटणी पाहायला गेला होता. पण त्याच्या त्या काळातल्या दोन कवितांत घोडे नाहीत की तोफा नाहीत. एका कवितेत परक्या माळरानावर, शवपेटीशिवाय खड्ड्यात टाकलेला खेड्यातला ढोलवाला पोरगा आहे, आणि या कवितेत लंडनमधली एक बायको. डिसेंबर १८९९. बाहेर पिवळट धुकं, रस्त्यावरचा दिवा विझत आलेल्या मेणबत्तीसारखा. दारावर खाडकन थाप पडते, तारवाला. तारेत तुटक शब्द : तो, दक्षिणेत, पडला. इथे पहिला भाग संपतो. त्याला हार्डीने नाव दिलंय 'द ट्रॅजेडी'.

दुसऱ्या भागाचं नाव 'द आयरनी'. दुसरा दिवस. धुकं आणखी दाट. पोस्टमन येतो आणि जातो. पत्र त्याच्याच हातचं, ज्याला आता किडे ओळखतात त्याच्या हातचं. मजकूर उत्साहाने भरलेला : घरी येणार, उन्हाळ्यात फिरायला जाऊ, नव्याने प्रेम करायला शिकू.

ही कविता मी चौदा वर्षं एकाच पद्धतीने शिकवत आले होते. फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'तार', उजवीकडे 'पत्र'. तार समुद्राखालच्या केबलमधून लगेच पोचते, पत्र बोटीने अडीच-तीन आठवडे घेतं. म्हणून मेल्याची बातमी आधी आणि जिवंतपणीचा मजकूर मागून. खाली मोठ्या अक्षरांत 'आयरनी', आणि तिच्यापुढे मराठीत 'दैवदुर्विलास'. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो. मुलं ते दोन रकाने जसेच्या तसे उतरवून घेतात, मार्कही पडतात.

त्या दिवशीही मी रेघ मारली. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने वही उघडली नव्हती. एरवी सगळं लिहून घेणारी मुलगी.

"मॅडम, दैवदुर्विलास म्हणजे वाईटच ना?"

मी म्हटलं, "वाईट, आणि क्रूर. ते पत्र आलं नसतं तर तिचं दुःख एवढं धारदार झालं नसतं."

ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी असं पत्र आहे. ते नसतं आलं तर बरं झालं असतं, असं आमच्याकडे कुणी कधी म्हणालं नाही."

तिचा धाकटा चुलता १९९९ला कारगिलमध्ये गेला, तिच्या जन्माआधी काही महिने. गावात तेव्हा एकच एसटीडी बूथ होता, फोन तिथे आला. अकरा दिवसांनी पोस्टमन निळं आंतरदेशीय पत्र घेऊन आला. वर चुलत्याचं अक्षर. आजोबांनी ते हातात घेतलं, न फोडता ट्रंकेत ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. वर्षश्राद्ध होईपर्यंत कुणी ट्रंकेला हात लावला नाही. नंतर फोडलं. आजीला वाचता येत नाही, म्हणून तेव्हापासून दर आषाढात ते पत्र तिला कुणीतरी वाचून दाखवतं. आधी आत्या वाचायची. आत्याचं लग्न झाल्यावर ही वाचते, चौथीत होती तेव्हापासून.

"पाठ आहे तुला?" मी विचारलं. पुढच्याच क्षणी वाटलं, नको होतं विचारायला. पण ती सहज म्हणू लागली.

"तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदरांनी कुरतडली होती, ती बदलून घ्यावी, ओल्या हाताने कुणी धरू नये. म्हैस व्याली का. आक्काच्या स्थळाचं काय ठरलं."

मग तिने सांगितलेली गोष्ट मला अजून पुसता येत नाही. आजी पत्र नुसतं ऐकत नाही, मध्येमध्ये उत्तरं देते. केबलचं वाक्य आलं की म्हणते, "बदलली रं, दोनदा बदलली." म्हशीचं आलं की त्या वर्षी गोठ्यात जे असेल ते सांगते. आत्याच्या स्थळाला आत्याची पोरं कितवीत आहेत ते सांगते. नात थांबते, आजीचं बोलून होऊ देते आणि पुढचं वाक्य वाचते.

"आणि मी इकडे खुशाल आहे, याला?" मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं.

"त्याला काही बोलत नाही. पदर नीट करते."

वर्गात पाऊस तेवढा ऐकू येत होता. मी फळा पुसायला वळले. पुसावा की तसाच ठेवावा ते ठरेना, म्हणून उगाच खडू शोधत राहिले.

त्या रात्री मी ती कविता पुन्हा वाचली, चौदा वर्षांत प्रथमच रकाने बाजूला ठेवून. आणि एक गोष्ट दिसली, जी वीस ओळींच्या कवितेत मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. दुसऱ्या भागात ती बायकोच नाही. पहिल्या भागात ती बसलेली आहे, तिच्या हातात तार आहे, अर्थ डोक्यात शिरत नाही म्हणून ती सुन्न आहे. दुसऱ्या भागात धुकं आहे, पोस्टमन आहे, शेकोटीच्या उजेडात दिसणारं अक्षर आहे, पत्रातला मजकूर आहे आणि तिथेच कविता संपते. तिने ते पत्र वाचताना काय केलं, यावर हार्डी एक शब्द लिहीत नाही. फोडलं की ट्रंकेत टाकलं, तेही नाही. 'आयरनी' हे नाव खिडकीबाहेरून पाहणाऱ्याने दिलेलं आहे. हार्डी खोटं सांगतोय असं मला मुळीच वाटत नाही. त्याने गाठलेला दिवस दुसराच आहे, आणि दुसऱ्या दिवशी ते पत्र तसंच असतं. साताऱ्याच्या त्या आजोबांनीही त्या दिवशी ते फोडलं नव्हतं. खोटं मी सांगत होते, कारण त्या दुसऱ्या दिवसाला मी शेवट म्हणून शिकवत होते.

पुढच्या तासाला अभ्यासक्रमात नसलेलं पान घेऊन गेले. टेनिसनच्या 'इन मेमोरियम'मधला सहावा आणि पंच्याण्णवावा खंड. टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम १५ सप्टेंबर १८३३ला व्हिएन्नात अचानक गेला, अवघ्या बावीसाव्या वर्षी. टेनिसनच्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलेलं. तेव्हा तार नव्हती. टेनिसनच्या घरी बातमी पोचली ती पंधरवडा उलटून गेल्यावर, तीही पत्रानेच. कवितेला मग सतरा वर्षं लागली. १८५०मध्ये ती छापली गेली तेव्हा तिच्यावर कवीचं नावही नव्हतं.

सहाव्या खंडात त्याला कुणीतरी सांत्वनाचं पत्र लिहिलंय : मरण सगळ्यांनाच आहे, दुसरे मित्र आहेतच. टेनिसन यावर खवळतो. सगळ्यांनाच आहे म्हणून माझं कडू कमी होत नाही, उलट वाढतं. मग त्याला माणसं दिसू लागतात. बाप लढाईवरच्या मुलासाठी पेला उचलतो, अर्धा पिऊन होण्याआधी तिकडे गोळी लागलेली असते. आई खलाशी मुलासाठी मान खाली घालून प्रार्थना करते, आणि त्याच वेळी झोळीत शिवलेला, तोफगोळ्यांचं वजन बांधलेला तिचा मुलगा समुद्रात सोडला जातो. आणि मीही तसाच होतो, तो म्हणतो, त्याच्या शेवटच्या घटकेला मी त्याला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होतो.

पंच्याण्णवाव्या खंडात मधली वर्षं सरलेली आहेत. उन्हाळ्यातली रात्र. हिरवळीवर बसलेली माणसं एकेक करून आत जातात, घरातले दिवे एकेक करून विझतात, लांबवर पांढऱ्या गाई अंधारात उमटतात. तो एकटा उरतो आणि मेलेल्या मित्राची जुनी पत्रं काढतो. गळून पडली तरी हिरवी राहिलेली पानं म्हणतो तो त्यांना. ओळीमागून ओळ वाचत जातो, आणि शब्द बोलू लागतात, 'सायलेंट-स्पीकिंग वर्ड्‌स', न बोलता बोलणारे. गेलेला माणूस त्याला भूतकाळातून स्पर्श करतो. मग पहाटेचा वारा सुटतो.

मी थांबले तेव्हा ती मुलगी लिहीत होती. तास संपल्यावर टेबलापाशी आली. म्हणाली, "मॅडम, परवा शेवटचं वाक्य राहिलं सांगायचं."

"सांग ना."

"पाऊस कसा आहे ते कळवावे."

बाहेर अजून कोसळतच होता. मी विचारलं, "या आषाढात वाचलंस तेव्हा आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, लई झाला बाबा. आता पुरे म्हणावं."