संपादक, प्रकाशक आणि माझा चारशे रुपयांचा माइक

मागच्या पावसाळ्यात डोक्यात एक खूळ शिरलं. आपल्या बेळगावात पेपर चालवणारी, पुस्तकं छापणारी माणसं आहेत, वर्षानुवर्षं त्यांना नमस्कार घालतोय, खरं कधी बसून मोकळं बोललोय काय त्यांच्याशी? (आमच्यात 'पण'ला 'खरं' म्हणतात, पुण्याकडच्या लोकांनी गोंधळू नये.) मग काय, चारशे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक मागवला आणि ओळखीतल्या तिघांना फोन केले.

आधीच सांगतो, मी पत्रकार नाही. एका क्रेडिट सोसायटीत सव्वीस वर्षं नोकरी करतोय. पेपरवाल्यांशी माझा संबंध म्हणजे सप्टेंबरात वार्षिक सभेची नोटीस, दिवाळीत शुभेच्छा आणि एखादा संचालक वारला तर फोटोसकट श्रद्धांजली. म्हणजे त्यांच्या लेखी मी जाहिरातवाला. हे लक्षात असू द्या.

पहिले एक संपादक. नाव सांगणार नाही, ओळखायला जाऊ नका, ओळखलंत तर मनात ठेवा. साठीच्या पुढचे आहेत, सगळे सर म्हणतात. मी मूर्खासारखा संध्याकाळी सातला गेलो, म्हणजे बरोबर पानं लावायच्या वेळेला, तिकडं ऑपरेटर ओरडतोय की तीन नंबर पानावर जागा नाही, इकडं मी कॉलरला माइक अडकवतोय. माइक लागला आणि सरांचा आवाजच बदलला. ६ जानेवारी १८३२, दर्पण, बाळशास्त्री जांभेकर, मग १८८१ चा केसरी, मग १९१९ ला बाबुराव ठाकुरांनी इथं बेळगावात काढलेला तरुण भारत, मग १९४६ चं बेळगावचं साहित्य संमेलन आणि त्यातला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव. सगळं खरं, सगळं पाठ, आणि सगळं व्यासपीठावरचं. मधेच मी विचारलं की त्या संमेलनाचे अध्यक्ष माडखोलकर तरुण भारतचेच संपादक ना, म्हणजे आपल्या गावचेच की. सर मोठ्यानं हसले. "अगा, तो नागपूरचा तरुण भारत. नाव एक, घर वेगळं. अर्धं बेळगाव अजून हेच समजतंय." मला पन्नाशीत हे कळलं, काय सांगायचं.

चाळीस मिनिटं झाली आणि मोबाईलवर मेसेज आला, स्टोरेज फुल. गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेला मोबाईल, दुसरं काय होणार. मी घाम पुसत फोटो डिलीट करायला लागलो तर सर म्हणाले, "बंद झालं काय? बरं झालं. चहा घे." खरी मुलाखत तिथनं सुरू झाली.

मी विचारलं, पहिल्या पानावर एवढा जीव काढता, लोक पहिलं काय वाचतात? म्हणाले, निधन वार्ता. मी हसलो तर ते हसले नाहीत. म्हणाले, दिल्लीची बातमी लोकांनी आदल्या रात्रीच मोबाईलवर बघितलेली असते, खरं शहापुरात कोण गेलं आणि रक्षाविसर्जन किती वाजता, हे त्यांना सकाळी पेपरातच पाहिजे असतंय. आणि दुसरं म्हणजे गावातली बातमी. 'वार्ताहर / किणये', 'वार्ताहर / उचगाव' अशी खाली बारीक अक्षरात आलेली ती. तो वार्ताहर म्हणजे कोण, तर बहुतेक वेळा शेती किंवा दुकान सांभाळून लिहिणारा माणूस, मानधन असं की पेट्रोलसुद्धा सुटत नाही. तो यात्रा कमिटीच्या बातमीत बावीस नावं पाठवतो, इथला उपसंपादक जागा नाही म्हणून सतरावर 'आदी उपस्थित होते' करून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाचांचे फोन. "मुख्यमंत्र्याचं नाव चुकलं तर एक खुलासा. यात्रा कमिटीचं नाव गळलं तर गावातले अंक तुटतात," सर म्हणाले. हसत म्हणाले, खरं हसण्यासारखं काय नव्हतं.

मग भाषांतर. सरकारी खात्याची प्रेसनोट कन्नडमधनं येते, डेस्कवर कन्नड वाचणारं आणि मराठी लिहिणारं माणूस लागतं, तेही रात्री आठनंतर आणि चुका न करता. म्हणाले, असली पोरं आता मिळत नाहीत. मराठी शाळेतनं आलेल्याचं कन्नड कच्चं, कन्नड शाळेतनं आलेल्याला मराठी बोलता येतं खरं ऱ्हस्व-दीर्घ नाही, आणि दोन्ही येणारा पोरगा बँकेत जातो. इथं माझ्याकडं बघितलं त्यांनी. मी चहात बघितलं.

पत्रकारांचे दिवसपण आमच्याकडं दोन. मराठीवाल्यांचा ६ जानेवारी, दर्पणचा. कर्नाटकाचा १ जुलै, कारण १८४३ साली त्या दिवशी मंगळूर समाचार निघाला, पहिलं कन्नड वर्तमानपत्र, आणि ते काढलं कुणी तर हेर्मान म्योग्लिंग नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं. सर म्हणाले, दोन्हीकडं शाल-नारळ घेतलाय मी, एकच शाल फिरत असावी असं वाटतंय.

एवढं मोकळं झाल्यावर माझी हिंमत वाढली आणि मी पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन बातमी छापण्याचं काढलं. २००९ च्या निवडणुकांत याचा केवढा बोभाटा झाला होता, प्रेस कौन्सिलनं समिती नेमली, २०१० मध्ये अहवाल आला, हे मी घरनं वाचून गेलो होतो. विचारलं, सर, आपल्याकडं? सर उठले, फॅन एकनं कमी केला, परत बसले. म्हणाले, "पाऊस काय थांबत नाही आज." बास. एवढंच उत्तर. खप किती पडला, परतीचे अंक किती येतात, कागदाचं बिल किती थकलंय, हे सगळं न विचारता सांगणारा माणूस, खरं एका बाजूनं पैसे येतात त्याचा विषय निघाला की पाऊस. मला राग नाही आला, खोटं कशाला बोलू. आमच्या सोसायटीतपण थकबाकीवर सगळे भाषण ठोकतात, कर्ज कुणाला कसं मंजूर झालं यावर सगळ्यांना खोकला येतो.

दुसरे प्रकाशक काका. जिना चढून वर गेलं की एक खोली, निम्म्यात पुस्तकांचे गठ्ठे, निम्म्यात काका. वडिलांचं छपाईचं ट्रेडल मशिन होतं, लहानपणी खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, जुळवून जुळवून बोटं काळी झालेली आणि अक्षरं उलटी वाचायची सवय लागलेली, अजूनही समोरच्याच्या हातातला कागद ते उलटा वाचतात, सावध राहायचं. त्यांना माइक बघून काय फरक पडला नाही. त्यांनी कागद घेतला आणि हिशोबच मांडला.

तीनशे रुपयांचं पुस्तक. विक्रेत्याला चाळीस टक्के, म्हणजे एकशेवीस गेले. लेखकाला दहा टक्के, तीस गेले. राहिले दीडशे. त्यात कागद, छपाई, बाइंडिंग, मुखपृष्ठवाला, प्रुफं वाचणारा. पाचशेची आवृत्ती काढली तर एका प्रतीला एकशेदहा-वीस सहज. उरलेल्या तिसात गाडीभाडं, गोडाऊन, वाळवी आणि काका. आधी हजाराची आवृत्ती निघायची, मग पाचशे, आता डिजिटलवर दीडशे-दोनशे काढतात आणि मागणी आली की परत. "पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोक मला भाग्यवान समजतात," काका म्हणाले, "खरं कागदावर भरतोच की मी." आता हे मला सोसायटीवाला म्हणून लगेच कळलं, पुस्तकच करमुक्त असल्यामुळं कागदावर भरलेला टॅक्स वळता करून घेता येत नाही, तो अंगावर पडतो. आणि तो कागदाचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये बाराचा अठरा झाला. पेपरात मथळे आले होते की सगळं स्वस्त झालं. काकांनी ते कात्रण काढून भिंतीला चिकटवलंय.

पोस्टाचं तर विचारूच नका म्हणाले आणि अर्धा तास तेच सांगितलं. पूर्वी पुस्तकं रजिस्टर्ड बुकपोस्टनं स्वस्तात जायची, सांगलीचा एखादा वाचक पत्र टाकून एक प्रत मागवायचा आणि ते परवडायचं. डिसेंबर २०२४ मध्ये ती सोय एका फटक्यात बंद झाली. काका काउंटरवर चार पाकिटं घेऊन उभे आणि आतला माणूस म्हणतोय कॉम्प्युटरवर ऑप्शनच दिसत नाही. पुढं १ मे २०२५ पासून ज्ञानपोस्ट आलं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये वगैरे, म्हणजे परत श्वास घेता आला, तरी मधल्या चार महिन्यांत जे गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. चार महिने म्हणजे आमच्याकडचा अख्खा सीझन. कारण इथं पुस्तक दुकानात नाही, संमेलनात विकलं जातं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, थंडी पडली की गावोगाव साहित्य संमेलनं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना पटतच नाही की एवढ्याशा गावात सकाळी ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेऊन, लेझीम, आणि जेवणासकट दिवसभर मंडप भरलेला. काका म्हणतात, पाहुणा व्यासपीठावर 'सीमाभागानं मराठी जगवली' म्हणतो, टाळ्या घेतो, आणि आमच्या स्टॉलवरनं तसाच गाडीत जाऊन बसतो. विकत घेतात ती शाळेतल्या बाई, रिटायर्ड मास्तर आणि एखादा पोरगा जो पाच वेळा येऊन किंमत बघून जातो. त्या पोराला ते सहाव्या वेळी निम्म्यात देतात.

मी सहज विचारलं, काका, ते लेखकाचे दहा टक्के खरंच देता? काकांनी चष्मा काढून पुसला. "लेखकच निम्मा खर्च घालतोय रे आता," म्हणाले, "रॉयल्टी कुठली काढलीस." म्हणजे मघाचा तो सगळा हिशोब थोडा शोभेचाच होता. खरं त्यांनी सांगितलं तरी. माइक चालू असताना.

तिसरा पोरगा, अठ्ठावीस वर्षांचा, अनगोळचा. त्याचं बातम्यांचं यूट्यूब चॅनेल आहे. त्याला मीडियातला मोठा माणूस म्हटलेलं सरांना आवडायचं नाही, मी सरांना सांगितलेलंच नाही. तिसऱ्या रेल्वेगेटपलीकडं एका गाळ्यात दोन लाइटा, एक निळा पडदा आणि कुंद्याच्या दुकानासारखी बक्षिसांची रांग, बहुतेक त्यानंच छापून घेतलेली. एकच बातमी तो दोनदा वाचतो, एकदा मराठीत, एकदा कन्नडमधी, कपडे तेच, फक्त नमस्काराच्या जागी नमस्कारा. मराठी व्हिडिओ बघणारे निम्मे बेळगावात नसतातच म्हणे, पुणे, मुंबई, गोवा, दुबई, गाव सोडून गेलेली माणसं आपल्या गल्लीचा गणपती बघतात.

या पोरानं मला खरा धक्का दिला. मी भीत भीत पैशाचं विचारलं तर त्यानं सरळ व्हॉट्सअॅपवर रेटकार्ड पाठवलं. दुकानाचं उद्घाटन एवढे, वाढदिवस एवढे, निवडणुकीत पॅकेज. मी म्हटलं, अरे याला पेड न्यूज म्हणतात. तो म्हणाला, "काका, ते पेपरवाले पुरवणी म्हणतात, मी व्हिडिओ म्हणतो. लाजायचं काय त्यात?" मला उत्तर सुचलं नाही. सरांचा पाऊस बरा की याचं रेटकार्ड बरं, दोन दिवस डोक्यात तेच. याच्याकडं निदान किंमत लिहिलेली आहे. खरं कुठला व्हिडिओ पैशाचा आणि कुठला नाही, हे बघणाऱ्याला तोही कुठं सांगतोय?

मग मी त्याला १ नोव्हेंबरचं विचारलं. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, एका बाजूला सीमाभागातल्या मराठीवाल्यांचा काळा दिवस, तू लाइव्ह कुठनं करतोस? एवढा फटाफट बोलणारा पोरगा एकदम गप्प. मग म्हणाला, त्या दिवशी कॉमेंट बंद ठेवतो. आणि लाइव्ह? "त्यावर नको काका. घरी आई एकटी असते." मी माइक काढून खिशात घातला.

परवा सरांचा फोन आला. कुठनं तरी कळलेलं दिसतंय की मी लिहायला बसलोय. म्हणाले, निधन वार्तेचं घाल, काय हरकत नाही, ते आदी उपस्थितचंपण घाल, ते फॅनचं तेवढं काढ. मी म्हटलं, सर, नाव कुठं घालतोय मी. म्हणाले, नाव नसलं तरी फॅन सगळ्यांना माहीत आहे आमच्या ऑफिसचा. मग दोन मिनिटं इकडचं तिकडचं, आणि ठेवता ठेवता, "बरं, सभेची नोटीस यंदा क्वार्टर पेज की हाफ?"

अजून कळवलेलं नाही. चेअरमन क्वार्टर म्हणतायत.