कपाटापलीकडच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं. सोबत विषयही सुचवले होते: शाळेने दिलेले संस्कार, अविस्मरणीय स्नेहसंमेलन, आदर्श मुख्याध्यापक वगैरे. त्यावर लिहिणारे आपल्या शाळेत भरपूर आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला लिहायचंय ते फक्त शास्त्राच्या बाईंबद्दल. नाव घालत नाही. जुन्या इमारतीत शिकलेल्या कुणालाही ते सांगावं लागणार नाही, आणि छापील कौतुक दिसलं की बाई लाल पेन हातात घेतात.

नववीत होते तेव्हा माझे बाबा गेले. आजारपण नाही, काही नाही. सकाळी कामावर गेले आणि संध्याकाळी निरोप आला. मी परत शाळेत यायला लागले तेव्हा मुली माझ्याशी दबक्या आवाजात बोलायच्या आणि गणितात माझी वही तपासायचं राहूनच जायचं. सगळं चांगुलपणाने चाललं होतं. मला मात्र तो चांगुलपणा नको झाला होता.

घरी वेगळंच सुरू झालं होतं. येणारी-जाणारी माणसं ओसरल्यावर आजी, मावशी आणि आई रात्री आतल्या खोलीत बसत. एके रात्री मावशीने मला आत बोलावून घेतलं. म्हणाली, "तू आता लहान नाहीस. आपल्याकडच्या बायकांना आधी कळतं." मग एकेक गोष्ट निघाली. पणजीला म्हणे समोरच्याच्या मनातलं त्याने तोंड उघडायच्या आत कळायचं. कुणाला दिवस गेलेत हे आजी त्या बाईच्याही आधी सांगायची. फोन वाजण्याआधी मावशीला पलीकडचं माणूस समजायचं. आई एरवी या गोष्टींना हसायची. त्या रात्री तीसुद्धा म्हणाली की ते गेले त्या पहाटे तिला वाईट स्वप्न पडलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला त्या खोलीत जागा मिळाली, हेच केवढं मोठं होतं! बाबांपर्यंत जाणारी एखादी वाट आपल्या घरात, आपल्या रक्तात आहे, असं मला वाटायला लागलं.

मग मलाही कळायला लागलं. रात्री बाबांचा खोकला ऐकू यायचा. सर कुणाला उभं करणार ते त्यांनी नाव घ्यायच्या आधी समजायचं. मावसबहिणींबरोबर प्लँचेट केलं तर वाटी सरसर अक्षरांवरून फिरली आणि बाबांचा निरोप आला: सुखात आहे, मन लावून अभ्यास कर. निरोपात माझं हजेरीपटावरचं नाव होतं. त्या नावाने बाबांनी मला कधी हाकच मारली नव्हती, आणि 'मन लावून' वगैरे त्यांच्या बोलण्यात नसायचं. ते मला खटकलं. पण खटकलं म्हणून असा निरोप परत कोण करतं?

शाळेत बातमी फुटायला कितीसा वेळ! ऑफ तासाला मुली माझ्याभोवती जमायच्या. पेपर कसा जाईल, कोण कुणाशी अबोला धरेल, मी सांगायचे आणि बरंचसं बरोबर निघायचं. गोष्ट स्टाफरूमपर्यंत गेली. पालकांना बोलवा असं कुणी म्हणालं, दुर्लक्ष करा असंही कुणी म्हणालं. बाईंनी मला मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलं.

बाईंकडे गेलं की आधी परीक्षानळ्या धुवाव्या लागत, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी मी सगळा स्टँड धुऊन काढला. बाई चकार शब्द बोलेनात. शेवटी हात पुसायला फडकं देत म्हणाल्या, "तुला कळतं म्हणतात. कसं कळतं ते मला बघायचंय. बसतेस?" चेहऱ्यावर ना हसू, ना कीव. बाबा गेल्यापासून माझ्याशी असं सरळ कुणी बोललं नव्हतं.

टेबलावर पंचवीस पत्ते होते, पुठ्ठ्याचे, बाईंनी घरी कापून आणलेले. वर्तुळ, फुली, लाटा, चौकोन आणि तारा अशी पाच चिन्हं, प्रत्येकाचे पाच पत्ते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जोसेफ राइन नावाचे एक संशोधक होते, त्यांच्यासाठी कार्ल झेनर यांनी ही चिन्हं ठरवली, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. राइनचं अतींद्रिय ज्ञानावरचं पुस्तक १९३४ साली आलं आणि खूप गाजलं. नुसता अंदाज केला तरी पंचविसात सरासरी पाच बरोबर येतातच. राइनच्या काही माणसांना त्याहून कितीतरी जास्त येत होते. पण दुसऱ्यांनी बंदोबस्त कडक करून तेच प्रयोग केले तेव्हा आकडे पाचाच्या आसपास घसरले. सुरुवातीचे काही छापील पत्ते तर असे होते की ठरावीक उजेडात त्यांचं चिन्ह मागून दिसे. म्हणून बाईंनी पुठ्ठा जाड घेतला होता. दुसऱ्याच्या प्रयोगातली भोकं आपल्या प्रयोगात आधी बुजवायची, ही त्यांची सवय तुम्हाला आठवत असेल. मीठ आणि गंधक वेगळं करायच्या साध्या प्रयोगातसुद्धा त्या तसंच करायच्या.

बाई समोर बसून पत्ता बघायच्या, मी चिन्ह सांगायचे. पाचापेक्षा जास्त येत गेले. एकदा तर नऊ आले. मी हरखून गेले, आणि खरं सांगते, बाईही हरखल्या. वहीत नोंद करताना त्यांनी नवाच्या आकड्याखाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्यांनी ॲसिडच्या बाटल्यांच्या कपाटाचं दार अर्धं उघडून ठेवलं होतं आणि खुर्ची त्या दारामागे नेली होती. "आज इथून," म्हणाल्या. त्या दिवशी पाच. पुढे कधी तीन, कधी सहा. माझा चेहरा पडला असणार. बाईंनी दारामागून विचारलं, "माझ्या तोंडावर काय दिसत होतं गं तुला?"

मला सांगता येईना. मग एकदम आठवलं: तारा आला की बाईंची भुवई किंचित वर जायची, आणि लाटा आल्या की त्या ओठ मिटून घ्यायच्या. हे मी बघते आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. बाईंना तर इतका आनंद झाला की मधली सुट्टी संपल्याची घंटा त्यांना ऐकूच आली नाही. त्यांनी मला हान्स घोड्याची गोष्ट सांगितली. बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन नावाच्या मास्तरांचा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्याचा नीट अभ्यास करून १९०७ साली निष्कर्ष छापला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर हान्सला काही येत नसे. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत, अगदी जराशी हले. घोडा ते टिपायचा. मालक लबाड नव्हता, त्यालाही हे माहीत नव्हतं. पुढे फुंग्स्ट यांनी स्वतःच घोड्याची जागा घेतली आणि माणसांनी मनात धरलेले आकडे टेबलावर बोटं आपटून ओळखून दाखवले! "म्हणजे तुझ्याकडे काहीच नाही असं नाही," बाई म्हणाल्या. "हान्सकडे होतं ते तुझ्याकडे आहे. घरी आजीला विचार."

आजीला विचारलं, दिवस गेलेले तुला कसे कळतात? आजी म्हणाली, "बसलेली बाई उठते कशी त्यावरून. त्यात काय मोठंसं?" तिला ते कधी गूढ वाटलंच नव्हतं. गूढ करून ठेवलं होतं ते मावशीने.

नऊचं काय, हे कोडं राहिलंच होतं. बाईंनी एका ऑफ तासाला कपाट वर्गात आणवलं (शिपाईकाकांचे शब्द इथे छापता येणार नाहीत) आणि सगळ्या वर्गाची परीक्षा घेतली. नुसत्या नशिबावर नऊ किंवा जास्त यायची शक्यता साधारण वीसात एक. वर्गात आम्ही साठ. म्हणजे दोघा-तिघांना नऊ यायलाच हवेत, असं त्यांनी आधी फळ्यावर लिहून ठेवलं. सगळ्यात जास्त, दहा, शेवटच्या बाकावरच्या एकाला आले. त्याला दहावीपर्यंत सगळे 'महाराज' म्हणत. तो हे वाचेलच.

प्लँचेटमधलं नाव खटकल्याचं मी एवढं झाल्यावर बाईंना सांगितलं. त्यावर त्यांनी जादूगार हुडिनीची हकिकत सांगितली. १९१३ साली त्याची आई वारली. १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉइल यांच्या पत्नीने त्याला त्याच्या आईकडून म्हणून पानंच्या पानं लिहून दिली, इंग्रजीत, आणि वर क्रूस काढला. आई ज्यू धर्मगुरूची बायको आणि तिला इंग्रजी जेमतेम यायचं. डॉइलबाई फसवत नव्हत्या, त्यांचा मनापासून विश्वास होता. "वाटीवर बोटं कुणाची होती? मग बोलणार कोण?" एवढंच विचारून बाई थांबल्या.

पण हे सगळं त्या का करत होत्या ते मला त्यांनी दिलेल्या वहीवरून समजलं. डाव्या पानावर जे होणार असं वाटतं ते तारीख-वेळ घालून लिहायचं, उजव्या पानावर काय झालं ते. आधी लिहायचं, नंतर नाही. यात सूट नव्हती. वही बघायला मागितली तेव्हा मी लाजले, कारण डावीकडे जवळजवळ सगळीकडे एकच होतं: आई आज परत येणार नाही. उजवीकडे: आली. आली. उशिरा आली. आली.

बाईंनी पानं उलटली. मग वही मिटून विचारलं, "बाबा जायच्या आदल्या रात्रीही असंच वाटलं होतं ना तुला?"

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीतही नाही. आपल्याला कळलं होतं, तरी आपण त्यांना अडवलं नाही. घराण्यातली शक्ती खरी असेल तर हेही खरं होतं, आणि मला ती शक्तीही हवी होती. बाईंनी विचारलं, "त्याआधी कितीदा वाटलं होतं?" मी म्हटलं, बाबांना उशीर झाला की दर वेळी. "आणि दर वेळी आले ना?" आले. मी बरीच रडले. बाईंनी पाठ वळवून परीक्षानळ्या लावायला घेतल्या, धुतलेल्याच. खोकल्याचं विचारलं तर म्हणाल्या, "ते राहू दे. त्याला पत्ते नसतात. येतो ना आवाज? येऊ दे. पुष्कळांना येतो."

खरंच पुष्कळांना येतो. डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं. जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. १९७१ सालचा तो निबंध मी नोकरीत असताना वाचला आणि आधी आईला वाचून दाखवला. आईने तो परत वाचायला लावला.

नोकरीचं सांगायचं तर मी औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बघते. मागच्या वर्षी विभागप्रमुख झाले. हे मिरवायला सांगत नाही (थोडं मिरवायलाही सांगते). खरं औषध कुणाला आणि खोटी गोळी कुणाला हे रुग्णालाच नव्हे, डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. नवीन मुलं त्याला कंटाळतात, मग मी त्यांना बाईंची भुवई सांगते. चाचणीत नेमकं काय मोजणार ते आधी नोंदवा, नाहीतर निबंध छापणार नाही, असं मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून लागू केलं. ती बातमी वाचून मी बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "इतक्या उशिरा?"

मध्यंतरी शाळेत येऊन गेले. नवी इमारत छान आहे, प्रयोगशाळेत पडदा आहे, त्यावर प्रयोग दिसतात. करायला मिळतात का ते विचारलं, तर वेळापत्रकात बसत नाही म्हणाले. ऑफ तास तर आता नसतातच, रिकाम्या तासाला सराव चाचणी असते. कपाट भंगारात गेलं. मला वाईट वाटलं, आणि ते मी लपवणार नाही. एखाद्या मुलीचं घरी काही झालं तर तिला परीक्षानळ्या धुवायला बोलावणारं आता कोण आहे, एवढं समितीने बघावं.

मावशी अजून ठणठणीत आहे. अजूनही फोन उचलला की "मला वाटलंच तू असणार" म्हणते, आणि मी विचारते, "लिहून ठेवलं होतंस?" तिला मी एक वही दिली. तिने डावीकडची पानं भरून काढली, उजवीकडची कोरी ठेवली. म्हणे झालं की नाही ते आपल्याला माहीतच असतं. आता सोहळ्याला यायचं म्हणतेय, बाईंना भेटायला. दोघींची गाठ अजून पडलेली नाही. बाईंची तब्येत बघता त्या येतील की नाही हे समितीला पक्कं सांगता येत नाही. मावशी म्हणते, येणार. ते मी तिच्याकडून तारीख घालून लिहून घेतलंय. तरी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात, ही विनंती.