बॉयलर सांभाळतो, आणि बॉयलरच्याच पेपरात नापास

150 पैकी 68. पास व्हायला 75 लागतात. ऊर्जा लेखापरीक्षकाच्या (एनर्जी ऑडिटर) राष्ट्रीय परीक्षेचे चार पेपर असतात. त्यातला पहिला सर्वसाधारण, तिसरा विजेचा आणि चौथा पुस्तकं उघडून लिहायचा. हे तिन्ही सुटले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडकलो दुसऱ्यात, म्हणजे बॉयलर, वाफ आणि भट्टीच्या पेपरात. रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात माझा अर्धा दिवस बॉयलरपाशी जातो, त्यामुळे हे घरी सांगणं सोपं होतं, कारखान्यात सांगणं नव्हतं.

68 या आकड्यातून कुठे काय गेलं ते कळत नाही. म्हणून नापास झालेल्याने पहिलं काम हे करावं: आठवतील तेवढे प्रश्न वहीत उतरवून स्वतः तपासायचे. खरं तर हे परीक्षा सुटल्यावर त्याच रात्री करायचं असतं. मी परतीच्या गाडीत झोपलो आणि निकाल लागल्यावर आठवत बसलो.

माझं घोडं अडलं ते एका गणितात. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या दुसऱ्या पुस्तकातली बॉयलरची अप्रत्यक्ष पद्धत, म्हणजे कार्यक्षमता काढायला 100 मधून एकेक तोटा वजा करत जायचं. फर्नेस ऑइल घ्या: कार्बन 84 टक्के, हायड्रोजन 12, गंधक 3, ऑक्सिजन 1, एकूण उष्मांक किलोमागे 10,000 किलोकॅलरी. लागणारी हवा काढायची तर 11.6 गुणिले कार्बन, 34.8 गुणिले (हायड्रोजन वजा ऑक्सिजनचा आठवा भाग), 4.35 गुणिले गंधक, बेरजेला 100 ने भागा. किलोमागे 14 किलो हवा येते. चिमणीत ऑक्सिजन 4 टक्के असेल तर जादा हवा 4 भागिले (21 वजा 4), म्हणजे 23.5 टक्के. प्रत्यक्ष हवा झाली 17.3 किलो.

धूर 220 अंश, बाहेर 30. फरक 190. कोरड्या धुराचं वजन 17.2 किलो, गुणिले 0.23 (धुराची विशिष्ट उष्णता), गुणिले 190, भागिले उष्मांक: तोटा 7.5 टक्के. काही जण सरळ हवा अधिक 1 किलो इंधन, म्हणजे 18.3 धरतात, मग 8 येतात. कोणतं धरलंत ते उत्तरात एका ओळीत लिहा.

आता हायड्रोजन. एक किलो हायड्रोजन जळला की नऊ किलो पाणी होतं आणि ते वाफ होऊन चिमणीतून जातं. 9 गुणिले 0.12, गुणिले (584 अधिक 0.45 गुणिले 190), भागिले उष्मांक. 584 ही पाण्याची सुप्त उष्णता, 0.45 वाफेची विशिष्ट उष्णता. तोटा 7.2 टक्के.

मी ज्या क्लासच्या नोट्स वापरल्या, त्यांच्या झेरॉक्समध्ये डावा समास कापला गेला होता आणि त्यासोबत हा 9 गेला. मी वर्षभर 9 शिवायच गणित करत होतो. तोटा यायचा 0.8 टक्के. हवेतल्या दमटपणाचे 0.3 आणि पृष्ठभागातून जाणारा 1 धरला की कार्यक्षमता 90.4. आणि आमच्या बॉयलरच्या पाटीवर काय लिहिलंय? 90! मग शंका कशाला येईल. क्लासला नंतर फोन केला तर म्हणाले, "मूळ प्रतीत आहे."

बरोबर उत्तर 84 आहे. पाटीवरचे 90 खोटे नाहीत, पण ते निव्वळ उष्मांकावर काढलेले आहेत. त्यात पाण्याची सुप्त उष्णता आधीच वजा केलेली असते: 10,000 वजा 1.08 गुणिले 584, म्हणजे सुमारे 9,370. 84 ला 10,000 ने गुणा, 9,370 ने भागा, 90 च्या जवळ येतं. हे मला त्या झेरॉक्सच्या रागात सापडलं. बॉयलरवर काम करणाऱ्यांना नेमकं इथेच फसायला होतं, कारण कंट्रोल रूममध्ये आकडा समोर लिहिलेला असतो, तो कुणी काढत नाही. नव्या पदवीधर मुलांना उलट हे पटकन जमतं, त्यांना पाटी माहीतच नसते.

एककांचं राहिलं. 584 हे किलोकॅलरीत आहे. प्रश्नात उष्मांक किलोज्यूलमध्ये दिला तर 4.187 ने गुणायचं, नाहीतर हायड्रोजनचा तोटा चौथाईवर येतो आणि उत्तर पुन्हा "छान" दिसतं. आणि आपल्याकडे हवा दमट म्हणून त्या तोट्याला घाबरू नका. भर पावसात किलोमागे 22 ग्रॅम पाणी धरलं तरी तो 0.33 टक्केच भरतो.

वेळेचा हिशोब: तीन तासांत 150 गुण. 50 एकगुणी प्रश्नांना 40 मिनिटं, आठ छोट्यांना 45, मग सहा मोठ्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटं उरतात. मी त्या एका गणिताला चाळीस मिनिटं दिली आणि वाफेच्या सापळ्यांचा (स्टीम ट्रॅप) प्रश्न, जो मी झोपेतही लिहीन, कोरा सोडला. अडलात तर सूत्र आणि आकडे मांडून पुढे जा.

राहिलेला एकच पेपर पुन्हा द्यायचा असतो, पण त्यासाठी पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावं लागतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, मासळी येत नाही, बॉयलर पाव भाराने चालतो. अभ्यास मी त्या दोन महिन्यांत उरकला. पाव भारावर पृष्ठभागाचा तोटा 1 वरून 4 टक्क्यांवर जातो, तेही तेव्हाच डोळ्यांनी पाहिलं. इंधनाचं रजिस्टर काढून ताडून बघा. नोट्स मात्र नको. ब्युरोची पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात.

माझं केंद्र मुंबईत होतं आणि परीक्षा सप्टेंबरात. गणपतीची गर्दी परतायला लागली की कोकणकन्येचं तिकीट मिळत नाही, तेव्हा तारीख जाहीर होताच तिकीट काढा.

दुसऱ्या वेळी 97 आले. बॉयलरच्या पाटीवर 90 च्या पुढे मी खडूने "निव्वळ" लिहिलंय. फायरमन दर शनिवारी पाटी पुसतो, मी सोमवारी परत लिहितो.