इन्व्हर्टर की साधा?

आज बाबांसोबत सीताबर्डीत एसी बघायला गेलो. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर असताना ही थेरं कशाला, हे त्यांचं मत. पण पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर नुसती चिकचिक वाढवतो, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

दीड टनाचा साधा थ्री स्टार आणि इन्व्हर्टर फाइव्ह स्टार, फरक १० हजारांचा. विक्रेत्याचं एकच पालुपद, "सर, वर्षात वसूल!" म्हटलं, लेबल दाखवा. त्यावरचे युनिट वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेले असतात. दोघांत फरक ३०० युनिटांचा. आमच्याकडे एसी फक्त रात्री, तोही तीनेक महिने. म्हणजे फार तर ८०० तास, फरकही निम्मा, १५० युनिट. सगळे आकार धरून युनिटला १५ रुपये लावले तरी सव्वादोन हजार. वसुलीला चार-साडेचार वर्षं. विक्रेता एकदम चहा मागवायला गेला.

तरी बेडरूमसाठी इन्व्हर्टरच घेतला. खोली गार झाली की कॉम्प्रेसर बंद-चालू होत बसत नाही, वेग कमी करून चालत राहतो. रात्रभराच्या वापरात खरा फायदा तिथेच. हॉलमध्ये पाहुण्यांपुरता तासभर लावायचा असता, तर साधाच घेतला असता. धास्ती आहे ती पीसीबीची, म्हणजे एसीच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाची. आमच्याकडे विजेचा लपंडाव नेहमीचा, आणि तो बोर्ड गेला की खिसा रिकामा. म्हणून वॉरंटीत पीसीबी किती वर्षं, ते बिलावर लिहून घेतलं.

हॉलमध्ये कूलरच राहणार, ही बाबांची अट. डिलिव्हरी शनिवारी. स्टॅबिलायझरचे वेगळे म्हणे!